रानातल्या घरात व्हॅनिला

गडचिरोली जिल्ह्यात हेमलकशाच्या बाजूला राहायचं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने कोंदट वासासोबत काढायचे. भामरागडजवळ पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्या मिळतात. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत उन्हाचं तोंड दिसत नाही, गाद्या ओल धरतात, कपाटातल्या चादरींना बुरशीचा वास लागतो, चुलीचा धूर कपड्यांत मुरतो. इथे बदलीवर आलेले शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, लोकबिरादरी प्रकल्पात कामाला आलेली शहरातली मुलं-मुली यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: घरात चांगला वास राहावा म्हणून काय करावं? हल्ली त्यात व्हॅनिलाच्या तेलाचं नाव फार घेतलं जातं. हा लेख त्याबद्दल. व्हॅनिला कामाचा आहे, मात्र बाटलीत नेमकं काय आहे हे कळलं, तो विस्तवापासून दूर ठेवला आणि डास-साप पळवण्याचं काम त्याच्याकडून मागितलं नाही, तरच.

आधी एक रोखठोक गोष्ट. ओल असेल तर ओल घालवा. उघडीप मिळेल तेव्हा गादी उन्हात टाका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, चुलीच्या खोलीला वर झरोका ठेवा. बुरशीवर सुगंध शिंपडला की बुरशी तर राहतेच, वर दोन वासांची खिचडी होते. घर कोरडं झालं की मग सुगंधाचं बघू.

लवंग, निलगिरी, गवती चहा यांची तेलं वाफेवर काढतात. व्हॅनिलाचं तसं निघत नाही. व्हॅनिला हे एक ऑर्किड आहे, वेलीसारखं चढणारं. त्याच्या हिरव्या शेंगांना वासच नसतो. त्या गरम पाण्यात बुडवून, घाम आणून, उन्हात आणि सावलीत महिनोन्महिने सुकवल्या की त्यातलं व्हॅनिलिन मोकळं होतं. चांगल्या शेंगेतही ते वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच असतं. ते बाहेर काढायला अल्कोहोल, दुसरा एखादा द्रावक किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणून बाटलीवर ‘शुद्ध व्हॅनिला इसेन्शियल ऑइल’ असं छापलेलं दिसलं की भुवया उंचवायला हरकत नाही. आत बहुतेक वेळा तीनपैकी एक वस्तू असते: द्रावकाने काढलेला दाट, तपकिरी अर्क (ऑलिओरेझिन किंवा अ‍ॅब्सोल्यूट), साध्या तेलात शेंगा मुरवलेलं तेल, नाहीतर कृत्रिम व्हॅनिलिन घातलेलं सुगंधी मिश्रण. पहिलं महाग, दुसरं सौम्य, तिसरं स्वस्त आणि झणझणीत.

चौथी वस्तू म्हणजे केकसाठीचं व्हॅनिला इसेन्स. ते तेल नव्हे. त्यात पाणी, प्रोपिलिन ग्लायकॉल, रंग आणि व्हॅनिलिन असतं, कधी साखरही. ते खोबरेल तेलात ओतलं तर तळाशी वेगळं बसतं, आणि साखरवालं असेल तर रात्रीतून मुंग्यांची रांग लागते.

कृत्रिम व्हॅनिलिनला नाक मुरडायचं कारण मला दिसत नाही. १८७४ साली जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी ते प्रयोगशाळेत प्रथम तयार केलं. आज जगात खपणाऱ्या व्हॅनिलिनचा फार मोठा हिस्सा कारखान्यातूनच येतो. ग्वायकॉलपासून, काही लाकडातल्या लिग्निनपासून. रेणू तोच. खऱ्या शेंगेत त्याच्या जोडीला इतर शेकडो घटक असतात, त्यामुळे तो वास जास्त खोल वाटतो, एवढंच. खोलीच्या सुगंधासाठी कृत्रिम चालतं. अंगाला लावायचं असेल तर शेंगेचं घ्या.

शेंगा महाग का, हेही माहीत असावं. मेक्सिकोबाहेर या वेलीला फुलं येत, शेंगा धरत नसत. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एदमों अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठ्याच्या साहाय्याने फुलात परागीभवन करण्याची युक्ती शोधली. आजही जगभर एकेक फूल असंच हाताने फळवतात. केरळ-कर्नाटकात आणि थोडीफार कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत ही वेल होते. गडचिरोलीत मोकळ्यावर लावायच्या भानगडीत पडू नका. तिला वर्षभर दमट हवा लागते आणि आपला मे महिना तिला जाळून टाकतो.

आता कृतीकडे वळू. इथे एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या पाककृतीवाल्यांना कधी येत नाही. खोलीत फवारायचा व्हॅनिला घरी करायचा तर सगळीकडे एकच सांगतात: शेंगा चिरा, व्होडकात घाला, दोन महिने ठेवा. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. तेव्हा व्होडका हा विषयच नको, आणि मोहाची काढून आणतो म्हणणाऱ्यालाही हात जोडा. दवाखान्यातलं स्पिरिटही यासाठी वापरू नये. त्याचा स्वतःचा वास उग्र, ते झटकन पेट घेतं, आणि बंद खोलीत फवारून हुंगायची ती वस्तू नव्हे.

यावरचा उपाय साधा आहे. व्हॅनिलिनची पांढरी पूड नागपूर-चंद्रपूरला बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती तेलात नीट विरघळत नाही, पण पाण्यात थोडी विरघळते: साधारण तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅमच्या आसपास. पाणी उकळा, खाली उतरवा, कपभर पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा पूड टाकून ढवळत राहा. पूर्ण विरघळली की गाळून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. गार झाल्यावर तळाशी सुयांसारखे बारीक स्फटिक दिसले तर पूड जास्त झाली. पुन्हा कोमट करून थोडं पाणी वाढवा. पुडीवर ‘इथाइल व्हॅनिलिन’ लिहिलं असेल तर तो प्रकार कितीतरी उग्र, निम्म्याहून कमी घ्या. या पाण्यात ते टिकवणारं काही नाही, म्हणून आठवड्याचंच करा आणि शिळं झालं की फेकून द्या. पडदे, पायपुसणी, चपलांचं कपाट, जीपच्या सीटा यांवर ते छान बसतं. पांढऱ्या कापडावर मात्र मारू नका. व्हॅनिलिन हवेने आणि उजेडाने पिवळं-तपकिरी होतं. घरगुती साबणात किंवा मेणात घातल्यावर वडी चॉकलेटी होते, तीही याच कारणाने. वडी बिघडलेली नसते.

तेल करायचं तर कोणतं घ्यावं? खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं आणि इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री थंडी चांगलीच पडते. सकाळी बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल इथे घरोघरी ओळखीचं. मात्र तेही थंडीत तुपासारखं होतं आणि त्याचा स्वतःचा वास व्हॅनिलाला गिळतो. करंजाच्या तेलाचं तर नावच नको. तिळाचं तेल घ्या, कच्च्या तिळाचं, भाजलेल्या नाही. १०० मिलिलिटर तेलाला दोन-तीन शेंगा पुरतात. शेंग पाटावर ठेवून सुरीच्या टोकाने लांबीने चिरा. आत काळ्या, चिकट, खसखशीहून बारीक बियांचा थर दिसेल. तो सुरीच्या पाठीने खरवडून घ्या आणि साल बोटभर तुकड्यांत कापून दोन्ही बाटलीत टाका. बाटली आणि सुरी पूर्ण कोरडी हवी. पावसाळ्यात धुतलेली बाटली निखाऱ्याच्या धगीजवळ तासभर उपडी ठेवल्याशिवाय वापरू नका. झाकण लावून कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सहा आठवडे ठेवा, दोन-चार दिवसांनी हलवा. घाई असेल तर बाटली सोसेल इतक्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि पाणी बदलत दोन-तीन तास काढा. थेट चुलीवर तेल चढवू नका. हे तेल सौम्यच राहतं, बाजारच्या बाटलीसारखं खोली भरून टाकत नाही. पायांना, हातांना, केसांना लावायला ते चांगलं. खाण्यासाठी नाही.

बाजारातला दाट अर्क अंगाला लावायचा तर पातळ करूनच: ३० मिलिलिटर तिळाच्या तेलात बारा थेंब म्हणजे साधारण दोन टक्के. म्हातारी माणसं आणि मोठी मुलं यांच्यासाठी त्याच्या निम्मं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस वाट पाहा. व्हॅनिला कामगारांच्या त्वचेला खाज येते हे जुनं निरीक्षण आहे, आणि अ‍ॅलर्जी कुणालाही असू शकते. तान्ह्या बाळाला काहीच लावू नका.

सुगंध पसरवण्यासाठी माझं पहिलं मत कुंभाराच्या पणतीला. विजेवर चालणारे डिफ्यूझर शहरात ठीक. इथे पावसात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि त्या यंत्रांत दाट व्हॅनिला अडकतोही. चकाकी नसलेली, नीट भाजलेली पणती घ्या, नवी किंवा धुऊन वाळवलेली. पालथी घालून तिच्या पाठीवर व्हॅनिलाचे चार-पाच थेंब सोडा. माती ते शोषून घेते आणि एक-दोन दिवस हळूहळू सोडते. पणतीला आच लावायची नाही, वात नाही. उशाशी, पुस्तकांच्या फडताळात, न्हाणीघरात कुठेही ठेवता येते. वास उतरला की पुन्हा दोन थेंब. महिन्याने पणती तेलकट झाली की बदला. तुटकं कवेलूही चालतं.

काड्यांचा डिफ्यूझर करावासा वाटतो, कारण बांबूला इथे तोटा नाही. पण बांबूची कामटी वेताइतकं तेल चढवत नाही, आणि मध्ये पेर आला तर वाट तिथेच बंद. करायचाच तर दोन पेरांमधल्या तुकड्याच्या पातळ काड्या तासा, आणि दाट तिळाच्या तेलाऐवजी बाजारात मिळणारं पातळ डिफ्यूझर तेल वापरा. खरं सांगायचं तर पणतीपेक्षा खटपट जास्त आणि वास कमी.

वापरून झालेल्या शेंगांच्या साली टाकू नका. वाळवून कुटा, त्यात वाळ्याची मुळं, थोडा नागरमोथा, दोन लवंगा घालून सुती कापडाची पुरचुंडी बांधा. कपड्यांच्या पेटीत ती दिवाळीपर्यंत टिकते. पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर त्या आधी काढा. हिवाळ्यात संत्री मुबलक असतात, तेव्हा आणखी एक सोपी युक्ती: स्वयंपाक झाल्यावर निवत्या चुलीवर पाण्याचं पातेलं, त्यात संत्र्याची साल, दालचिनीचा तुकडा आणि व्हॅनिलाची वापरलेली शेंग. अर्ध्या तासात तळणाचा वास निघून जातो. पातेलं आटू देऊ नका.

मिश्रणाबद्दल थोडं. व्हॅनिला जड आणि गोड, उशिरा उडणारा. एकटा फार झाला की घर मिठाईच्या दुकानासारखं वाटतं. त्याला हलकं, आंबटसर काहीतरी जोडा: संत्र्याचं किंवा गवती चहाचं तेल. व्हॅनिला एक थेंब, दुसरं दोन-तीन थेंब. मोगऱ्याबरोबर मात्र तो डोकं उठवतो. आणि उन्हाळ्यात व्हॅनिला सरळ बांधून ठेवा. पारा पंचेचाळीसकडे गेला की हा वास अंगावर येतो. ते महिने वाळ्याचे. कूलरच्या ताटीत वाळा घाला, माठात वाळ्याची जुडी सोडा. कूलरच्या टाकीत व्हॅनिलाचं तेल ओतायची कल्पना अनेकांना सुचते. तसं करू नका. तेल पाण्यावर तरंगतं, पंपाला आणि ताटीला चिकटतं, ताटीतून पाणी उतरेनासं होतं, आणि ती साफ करताना जीव मेटाकुटीला येतो.

विस्तवाची गोष्ट वेगळी आणि गंभीर. सुगंधी मेणबत्त्या आणि खाली दिवा, वर तेल अशा वाट्या दिसायला छान असतात. पण कुडाच्या भिंती, गवती छपरं आणि मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची रीत असलेल्या भागात घरात आणखी एक उघडी ज्योत कशाला? थंडीत इथे माणसं शेकोटीला बिलगून झोपतात. लोकबिरादरी प्रकल्पात १९७३ च्या अखेरीस काम सुरू झालं, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे आलेल्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांत फिट येऊन विस्तवात पडलेला, भाजलेला एक आदिवासी मुलगा होता. भाजल्याच्या जखमा या भागाला नव्या नाहीत. दिव्याच्या तेलात व्हॅनिलाचे थेंब घातले तर वासही करपट येतो. फिट येणाऱ्या माणसाच्या घरात मिश्रणात कापूर किंवा निलगिरी घालू नका. त्यामुळे झटका येऊ शकतो. लहान मुलाच्या हाताला कापूर लागू देऊ नका, खाल्ला तर विषबाधा होते. सालईचा डिंक जाळून धूप करायचा असेल तर ओसरीवर करा. बंद खोलीत धगधगते कोळसे ठेवून झोपणं तर जिवावर बेतणारं आहे.

आता औषधी गुणांचं. २००५ साली फ्रान्समध्ये डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या चौदा बाळांच्या उशाशी व्हॅनिलिनचा वास ठेवला, तेव्हा त्यांचा श्वास मध्येच थांबण्याचे प्रसंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ते अतिदक्षता विभागात, यंत्रांच्या नजरेखाली केलेलं काम आहे. त्यावरून घरी बाळाच्या झोळीला बाटली टांगायची नाही. मोठ्या माणसाला या वासाने मन निवतं असं वाटत असेल तर ते खरं धरा, पण झोप न लागणं, छातीत धडधड, सततची उदासी यांवर उत्तर दवाखान्यात मिळतं.

डासांबद्दल एक खरी आणि रंजक गोष्ट आहे. सिट्रोनेला, हळद यांसारख्या तेलांत पाच टक्के व्हॅनिलिन मिसळलं तर त्यांचा डास दूर ठेवण्याचा परिणाम जास्त वेळ टिकतो, असं थायलंडमधल्या प्रयोगांत दिसलं. कारण व्हॅनिलिन उडून जायला वेळ घेतं आणि सोबतच्या तेलालाही धरून ठेवतं. म्हणजे व्हॅनिला स्वतः डास पळवत नाही. गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा आहे, त्यातही मेंदूपर्यंत जाणाऱ्या फॅल्सिपेरमचा. पणतीवर सिट्रोनेला-व्हॅनिला घाला, जरूर घाला, पण झोपताना औषधी मच्छरदाणी लावा. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. मच्छरदाणीचा दुसरा फायदा मण्यारीपासून. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश कळतही नाही. अमुक सुगंधाने साप येत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

प्राण्यांचं सांगायचं राहिलं. घरात मांजर असेल तर दाट सुगंधी तेलं तिच्या आवाक्यात ठेवू नका. मांजराचं यकृत अनेक सुगंधी द्रव्यं पचवून बाहेर टाकू शकत नाही आणि मांजर तर अंगाला लागलेलं चाटून पोटात घेतं. मार्जारकुळातल्या मोठ्या प्राण्यांना मात्र हा वास भुरळ घालतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात अनेक अत्तरं तपासली, त्यात कॅल्विन क्लाइनच्या ‘ऑब्सेशन’पाशी चित्ते सर्वाधिक वेळ रेंगाळले; त्या अत्तरात जवादीच्या कस्तुरीसारखा घटक आणि व्हॅनिलाचा गोडवा आहे. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या जंगलात अवनी वाघिणीला पिंजऱ्यात आणण्यासाठी हेच अत्तर वापरायचं ठरल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे होत्या. त्याच वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीला बळी पडली, ते प्रकरण वेगळं. अत्तर लावलं म्हणून वाघ मागे लागतो असा याचा अर्थ काढू नका. पण ताडोब्याच्या सफारीला किंवा हेमलकशाच्या प्राणी अनाथालयात बिबटे पाहायला जाताना अंगभर गोड अत्तर मारून जाऊ नका. तिथले प्राणी दर्शनासाठी नाहीत, त्यांना त्यांच्या वासांत राहू द्यावं.

बाटली घेताना तीन ओळी वाचा: घटक, वनस्पतीचं नाव (व्हॅनिला प्लॅनिफोलिया) आणि कोणत्या पद्धतीने काढलं ते. गडद काचेची, लहान बाटली घ्या; दहा मिलिलिटर एका घराला वर्ष पुरते. पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच आणून ठेवा, नंतर रस्त्याचा भरवसा नाही. आणि बाटलीवर नुसतंच ‘व्हॅनिला ऑइल’ लिहून घटकांची जागा कोरी सोडली असेल, तर ती दुकानदाराला तिथेच परत द्या.